'अपरोरिअसली' हसणं म्हणजे नेमकं कसं? शांत वर्गात न समजणाऱ्या एका शब्दाची गोष्ट

मागच्या आठवड्यात रात्री साडेनऊला फोनवर मेसेज आला. शहादा तालुक्यातल्या आमच्या गावची दहावीतली मुलगी. घरी पावरी बोलते, मराठी शाळेत शिकली, इंग्रजी मराठीतून शिकते. तिनं गाइडच्या पानाचा फोटो पाठवला होता. एका शब्दाखाली पेन्सिलनं रेघ आणि खाली प्रश्न :

'दादा, याचा अर्थ गोंगाटाने असा दिलाय. हसण्यात गोंगाट कसा काय? सर तर गोंगाट करू नका म्हणतात.'

शब्द होता 'अपरोरिअसली'. वाक्य होतं, 'द ऑडियन्स लाफ्ड अपरोरिअसली.' गाइडप्रमाणे अर्थ लावला तर 'प्रेक्षक गोंगाटाने हसले.' असं मराठी कोणी बोलतं का? नाही. म्हणून तिला ते कळलं नाही, यात तिची चूक काहीच नाही.

मी डिजिटल डेस्कवर काम करतो. 'म्हणजे काय?' या प्रश्नावर आमची निम्मी वाचकसंख्या चालते. तरी या मुलीला एका ओळीत उत्तर देता आलं नाही. शोधत गेलो तसं लक्षात आलं, की या एका शब्दात बरंच काही दडलंय : बंड, बायबल, तमाशाचा तंबू आणि आपल्या शाळांमधली शांतता. तेच इथे समजून घेऊ.

शब्द, उच्चार आणि साधा अर्थ

आधी स्पेलिंग : यू, पी, आर, ओ, ए, आर, आय, ओ, यू, एस, एल, वाय. बारा अक्षरं. उच्चार 'अप-रो-रि-अस-ली', जोर 'रो'वर.

हे क्रियाविशेषण आहे. म्हणजे क्रिया कशी घडली ते सांगणारा शब्द. नाम 'अपरोर', विशेषण 'अपरोरिअस' आणि त्याला 'ली' लागून 'अपरोरिअसली'.

साधा अर्थ असा : मोठ्या आवाजात, आनंदाच्या भरात, आवरता येणार नाही अशा रीतीनं. तिन्ही गोष्टी एकाच वेळी हव्यात. इंजिनिअरिंग केल्याचा इथे एक फायदा होतो. याला मी 'अँड गेट' म्हणेन. तीन इनपुट : आवाज, आनंद, सुटलेला आवर. तिन्ही चालू असतील तरच दिवा लागतो. एकही बंद असेल तर दुसरा शब्द शोधायचा.

गाइडनं तीनपैकी एकच इनपुट दिलं होतं, आवाजाचं. म्हणून दिवा लागला नाही.

यात 'रोअर' आहे का? नाही!

शब्द पाहिला की वाटतं, 'अप' म्हणजे वर आणि 'रोअर' म्हणजे गर्जना. म्हणजे वर जाणारी गर्जना. मलाही हेच वाटत होतं. खुद्द इंग्रजी बोलणाऱ्यांनाही काही शतकं हेच वाटत आलंय. पण ते खरं नाही.

डच भाषेत 'ऑपरूर' असा शब्द आहे. जर्मनमध्ये त्याचा भाऊ 'आउफरूर'. दोन्हींचा अर्थ उठाव, बंड, दंगा. त्यातल्या 'रूर'चा संबंध ढवळण्याशी, हलवण्याशी आहे. म्हणजे मूळ कल्पना 'खालून ढवळून वर येणं' अशी. सिंहाच्या गर्जनेशी तिचा काही संबंध नाही.

हा शब्द इंग्रजीत आला तो अनुवादकांमुळे. सोळाव्या शतकात विल्यम टिंडल यानं आणि त्याच्यानंतर माइल्स कव्हरडेल यानं बायबल इंग्रजीत आणलं. लोकांचा उठाव सांगायला त्यांनी हा शब्द वापरला. पुढे काही वर्षांतच लोकांना त्यात 'रोअर' ऐकू यायला लागला आणि बंडाचा अर्थ मागे पडून आरडाओरड पुढे आली. एखाद्या शब्दाचा लोकांनी आपल्या परीनं असा अर्थ लावला आणि तोच रूढ झाला, की भाषेचे अभ्यासक त्याला लोकव्युत्पत्ती म्हणतात.

थोडक्यात, अनुवादातून जन्मलेला आणि चुकीच्या ऐकण्यातून वाढलेला हा शब्द. आज तो अनुवादातच अडकतोय, यात तसं नवल नाही.

मग यात हसणं कुठून आलं?

बातम्या वाचणाऱ्यांना 'अपरोर' ओळखीचा असेल. 'विधानसभेत गदारोळ' ही बातमी इंग्रजी पेपरात 'अपरोर इन असेंब्ली' अशी येते. त्या गदारोळात हसू नसतं. राग असतो, घोषणा असतात, कामकाज तहकूब होतं.

पण विशेषण आणि क्रियाविशेषण होताना शब्दानं वळण घेतलं. 'अपरोरिअस' आणि 'अपरोरिअसली' आज बहुतेक वेळा हसण्याबरोबर, जल्लोषाबरोबर येतात. गदारोळ तोच, पण आनंदाचा. सभेची शिस्त मोडते, ती कोणी भांडतं म्हणून नव्हे. हसू आवरत नाही म्हणून मोडते.

म्हणजे एकाच कुटुंबातले शब्द. नाम रागीट, क्रियाविशेषण हसरं. हे माहीत नसलं की अनुवाद फसतो. माझ्या फोनमधल्या एका भाषांतराच्या अॅपनंही मला 'गोंधळात हसले' असंच उत्तर दिलं. त्यानं नामाचा अर्थ घेतला आणि क्रियाविशेषणाला चिकटवला.

'गोंगाटाने' का चालत नाही?

यामागे मराठीचं व्याकरणही आहे. इंग्रजीत 'ली' लावला की क्रियाविशेषण तयार होतं. आपण त्याच्या जागी 'ने' लावून मोकळे होतो. 'आनंदाने हसला', 'रागाने बोलला' हे चालतं, कारण आनंद आणि राग त्या माणसाच्या मनात असतात.

पण 'गोंगाटाने' म्हटलं की तो 'ने' कारण सांगायला लागतो. 'गोंगाटाने झोप मोडली', 'गोंगाटाने डोकं दुखलं.' तसंच 'गोंगाटाने हसले' म्हणजे गोंगाट झाला म्हणून हसले, असं ऐकू येतं. त्या मुलीचा गोंधळ नेमका इथेच झाला होता. तिचं मराठी गाइडच्या मराठीपेक्षा चांगलं होतं, एवढंच.

मराठी हे काम वेगळ्या रीतीनं करते. आवाजाची नक्कल करणारे शब्द आणि 'ऊन'वाली रूपं ही आपली खरी क्रियाविशेषणं. हसण्याचीच यादी पाहा :

• खुदकन हसणं : छोटं, एकदाच, बहुतेक लहान मुलाचं.
• गालातल्या गालात हसणं : आवाज नाही, मनात काहीतरी शिजतंय.
• फिदीफिदी हसणं : उथळ, समोरच्याला चीड आणणारं.
• खळखळून हसणं : मोकळं, वाहत्या पाण्यासारखं.
• खो खो हसणं : मोठ्यानं, थांबून थांबून.
• खदाखदा हसणं : उकळल्यासारखं, न आवरणारं.
• सातमजली हसणं : एका माणसाचं, पण अख्ख्या गल्लीला ऐकू जाणारं.
• पोट धरून हसणं, हसून मुरकुंडी वळणं : शरीरच हातातून गेलेलं.

यात 'अपरोरिअसली'ला सर्वात जवळचं कोण? मला दोन शब्द सापडले.

पहिला 'खदाखदा' किंवा 'खदखदून'. भांड्यात आमटी खदखदते. लोकांमध्ये असंतोष खदखदतो. आणि माणूस खदाखदा हसतो. उकळी, बंड आणि हसू या तिन्हींसाठी मराठीनं एकच आवाज वापरलाय. डच 'ऑपरूर'मध्ये ढवळणं आणि उठाव होता, पुढे इंग्रजीत त्यात हसू मिसळलं. दोन भाषा एकमेकींना न विचारता जवळपास एकाच ठिकाणी पोहोचल्या.

दुसरा 'हास्यकल्लोळ'. कल्लोळ म्हणजे मुळात मोठी लाट. एकटा माणूस खदाखदा हसू शकतो, पण कल्लोळाला गर्दी लागते. म्हणून 'द ऑडियन्स लाफ्ड अपरोरिअसली'चं माझं मराठी असं : 'प्रेक्षकांत हास्यकल्लोळ उठला.' क्रियाविशेषणाच्या जागी नाम आलं. येऊ द्या. अर्थ पोहोचला पाहिजे, व्याकरणाचा डबा तोच राहिला पाहिजे असं नाही.

वापर कसा करायचा?

परीक्षेसाठी आणि लिहिण्यासाठी तीन जागा लक्षात ठेवा.

१. हसण्याच्या क्रियापदानंतर : 'दे लाफ्ड अपरोरिअसली.' म्हणजे ते पोट धरून हसले, तिथे हास्यकल्लोळ उठला.

२. 'फनी' या विशेषणाच्या आधी : 'अॅन अपरोरिअसली फनी फिल्म.' म्हणजे हसवून हसवून पुरेवाट करणारा सिनेमा. १९८८चा 'अशी ही बनवाबनवी' घरातल्या सगळ्यांनी एकत्र बसून पाहिला असेल, तर उदाहरण द्यायची गरज नाही.

३. जल्लोषाच्या क्रियापदानंतर : 'द क्राउड चिअर्ड अपरोरिअसली.' म्हणजे गर्दीनं मैदान डोक्यावर घेतलं.

आता कुठे वापरू नये?

• 'शी स्माइल्ड अपरोरिअसली' चूक. स्मिताला आवाज नसतो.
• 'द क्लास वॉज अपरोरिअसली' चूक. इथे विशेषण हवं, 'अपरोरिअस'.
• वडील मुलावर रागानं ओरडले, तिथे 'अपरोरिअसली' खटकतं. आवाज आहे, आनंद नाही.
• अर्ज, अहवाल, ऑफिसचा ईमेल यात हा शब्द नको. तो गोष्टीतला, वर्णनातला शब्द आहे.

सारखे दिसणारे चार शब्द

'लाउडली' म्हणजे फक्त मोठ्यानं. भोंगाही लाउडली वाजतो.

'हिलॅरिअसली' हसणाऱ्याबद्दल कमी आणि हसवणाऱ्या गोष्टीबद्दल जास्त सांगतो. विनोद हिलॅरिअसली फनी असतो. लोक 'हिलॅरिअसली' हसले असं लिहिलं तर कानाला बरं वाटत नाही.

'बॉइस्टरसली' म्हणजे दंगामस्ती करत. सुट्टीत मैदानावर सुटलेली पोरं. हसू असेल किंवा नसेलही.

'हिस्टेरिकली' म्हणजे ताबा पूर्ण सुटून. बोलताना लोक तो विनोदासाठीही वापरतात, पण त्याला एक काळी बाजू आहे. १९६२ मध्ये टांगानिकातल्या, म्हणजे आजच्या टांझानियातल्या, काशाशा गावी मुलींच्या निवासी शाळेत काही मुली हसायला लागल्या आणि ते हसणं पसरत गेलं. हसता हसता रडू यायचं, अस्वस्थता वाढायची. शेवटी शाळा बंद ठेवावी लागली. अभ्यासक त्याचा संबंध मुलींवरच्या ताणाशी जोडतात. आवाज होता, आवर सुटला होता, आनंद नव्हता. 'अँड गेट'चं एक इनपुट बंद. तिथे 'अपरोरिअसली' हा शब्द चालणार नाही.

सारंगखेडा आणि काठी : आपल्या जिल्ह्यातले दोन आवाज

इथवर सगळं फोनवर टाइप केलं असतं, तरी त्या मुलीला शब्द कळला असता का? मला शंका आहे. म्हणून मी तिला आपल्याच जिल्ह्यातली जागा दाखवली.

दत्तजयंतीला तापीकाठी सारंगखेड्याची यात्रा भरते. घोड्यांच्या बाजारासाठी ती देशभर माहीत आहे. पण आमच्या घरातल्या मोठ्यांना घोड्यांइतकेच तिथले तमाशाचे तंबू आठवतात. गण झाला, गवळण सुरू झाली. साडी नेसलेला, आवाज बारीक काढणारा मावशीचा सोंग घेतलेला गडी कमरेवर हात ठेवून पुढे आला. अजून तो एक शब्द बोललेला नाही आणि पुढच्या रांगेतून हसू सुटलंय. मग पेंद्या काहीतरी वाकडं बोलतो. हसू पुढून मागे जातं, मागून पुन्हा पुढे येतं. ढोलकीवाला हात थांबवतो, कारण पुढचं वाक्य कोणाला ऐकूच येणार नाही. खेळ काही क्षण प्रेक्षकांच्या ताब्यात जातो.

हे 'अपरोरिअसली'. आवाज आहे, आनंद आहे, आवर सुटलाय आणि काही क्षणांपुरती शिस्त उलटीपालटी झालीय. पाचशे वर्षांपूर्वीचा 'ढवळून वर येणं' हा अर्थ त्या तंबूत जिवंत दिसतो.

आता दुसरा आवाज. अक्कलकुवा तालुक्यात सातपुड्यात काठी गाव आहे. तिथली राजवाडी होळी पाहायला महाराष्ट्र, गुजरात आणि मध्य प्रदेशातून लोक येतात. रात्रभर मोठे ढोल वाजतात, कमरेला भोपळे आणि घुंगरू बांधलेले बुध्या नाचतात, डोक्यावर मोरपिसांचे टोप असतात. होळी पेटते ती पहाटे.

बाहेरून आलेला एखादा इंग्रजी बातमीदार सहज लिहील, 'ट्रायबल्स सेलिब्रेटेड अपरोरिअसली.' शब्दकोशाच्या हिशेबानं चालून जाईल. आवाज आहे, आनंद आहे. पण आवर सुटलाय का? उलट आहे. यात नाचणारे अनेक जण आधीपासून कडक व्रत पाळतात. कोणी काय घालायचं, होळीचा बांबू कसा आणायचा, केव्हा पेटवायची, सगळ्याला नियम आहेत. बाहेरच्याला जो गदारोळ वाटतो, ती आतल्यासाठी शिस्त आहे.

म्हणून शब्द वापरताना एक प्रश्न विचारायचा : इथे खरंच काही सुटलंय, की मला नियम दिसत नाहीयेत? हा प्रश्न इंग्रजीच्या पेपरात मार्क देणार नाही. पण बातमी लिहिताना, रील्सचं कॅप्शन टाकताना तो विचारला पाहिजे. आमच्या डेस्कवर तर नक्कीच.

मोठ्यानं हसणं असभ्य असतं का?

आपल्याकडे मोठ्या हसण्याकडे जरा संशयानंच पाहिलं गेलंय. भरताच्या नाट्यशास्त्रात हसण्याचे सहा प्रकार सांगितलेत : स्मित, हसित, विहसित, उपहसित, अपहसित आणि अतिहसित. पहिले दोन उत्तम पात्रांचे, मधले दोन मध्यम पात्रांचे, शेवटचे दोन अधम पात्रांचे. अतिहसिताचं वर्णन काय आहे? डोळ्यांत पाणी, कर्कश मोठा आवाज, हातांनी कुशी दाबून धरलेल्या. म्हणजे आपलं पोट धरून हसणं. जितका आवाज मोठा, तितकी पायरी खालची.

गंमत अशी, की डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसणारा तो पिवळा चेहरा आज आपल्या सगळ्यांच्या फोनमध्ये आहे. २०१५ मध्ये ऑक्सफर्ड डिक्शनरीजनं त्याच इमोजीला वर्षाचा शब्द म्हणून निवडलं. अतिहसिताला अखेर मान मिळाला. फक्त आपण तो इमोजी पाठवतो तेव्हा बहुतेक वेळा तोंड मिटलेलं असतं. 'एलओएल'चं पूर्ण रूप 'लाफिंग आउट लाउड'. लिहितो सगळे, मोठ्यानं कोणी हसत नाही.

आणि हसण्याला माणसं लागतात. रॉबर्ट प्रोव्हाइन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं लोकांच्या हसण्याचा अनेक वर्षं अभ्यास केला. एकटं असताना माणूस जितका हसतो, त्याच्या सुमारे ३० पट जास्त तो इतरांसोबत असताना हसतो, असं त्याला आढळलं. यूट्यूबवर एकट्यानं पाहिलेला विनोद आणि तंबूत पाहिलेला विनोद यात फरक का पडतो, त्याचं उत्तर यात आहे. 'अपरोरिअसली' हा शब्द कानाला हेडफोन लावून समजणं म्हणूनच कठीण.

घरातलं काय? 'दात काढू नकोस', 'मुलीच्या जातीनं एवढं खिदळू नये' ही वाक्यं किती घरांत अजून आहेत, ते वाचणाऱ्या मुलींना विचारा. कोणाला मोठ्यानं हसायची मुभा आहे आणि कोणाला नाही, हे आवाज किती त्यावर नाही, आवाज कोणाचा त्यावर ठरतं.

कोणासोबत हसतो आणि कोणाला हसतो?

एक गोष्ट हा शब्द सांगत नाही. हसू कोणाच्या दिशेनं आहे ते.

माझा अनुभव सांगतो. इंजिनिअरिंगचं पहिलं वर्ष, मोठं शहर. घरी अहिराणी, शाळा मराठी, आणि आता सगळं इंग्रजीत. सेमिनारमध्ये उभा राहिलो आणि 'डिटर्मिन'ला 'डिटरमाइन' म्हणालो. एकानं मागून तो शब्द तसाच पुन्हा म्हटला. साठ मुलांचा वर्ग हसला. इंग्रजीत लिहायचं तर, 'द क्लास लाफ्ड अपरोरिअसली.' वाक्य अगदी बरोबर आहे. तिन्ही इनपुट चालू होते. आनंद त्यांचा होता, एवढंच.

त्यानंतर दोन वर्षं मी वर्गात प्रश्न विचारला नाही. उत्तर येत असलं तरी हात वर केला नाही. खेड्यातून आलेल्या माझ्या अनेक मित्रांची हीच गोष्ट आहे. शब्द फक्त वेगळा असतो.

मराठीत इथे सोय आहे. 'माझ्यासोबत हसले' आणि 'मला हसले'. एका शब्दयोगीचा आणि एका प्रत्ययाचा फरक. इंग्रजीतही 'विथ' आणि 'अॅट' आहे. 'अपरोरिअसली' शिकवताना हे दोन छोटे शब्द सोबत शिकवले नाहीत, तर अर्थ अर्धाच राहतो.

मग शिकवायचं कसं?

माझं मत सरळ आहे. ज्या शब्दाच्या अर्थातच आवाज आहे, तो आपण 'गप्प बसा' म्हणत शिकवतो. मुलांना तो कळत नाही, आणि मग आपण म्हणतो ग्रामीण मुलांचं इंग्रजी कच्चं.

हे आपल्या जिल्ह्यात जास्त महत्त्वाचं का? २०११च्या जनगणनेत नंदुरबारची लोकसंख्या सुमारे १६ लाख ४८ हजार होती. त्यातले सुमारे ६९ टक्के लोक अनुसूचित जमातींचे. साक्षरता सुमारे ६४ टक्के, राज्यात सर्वात कमी. घराघरांत भिली, पावरी, मावची, अहिराणी, गुजरी बोलली जाते. राज्यात २००० पासून मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी आलं. म्हणजे धडगावच्या मुलासाठी मराठी हीच शिकलेली भाषा आणि इंग्रजी त्याच्याही पलीकडची. अशा मुलाला इंग्रजी शब्दाचा मराठी प्रतिशब्द दिला, तर आपण एका अनोळखी शब्दाऐवजी दोन देतो.

२०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात किमान पाचवीपर्यंत आणि शक्य तर आठवीपर्यंत मातृभाषेतून, घरच्या भाषेतून शिकवावं असं म्हटलंय. सगळी पुस्तकं पावरीत यायला वेळ लागेल. पण एक शब्द घरच्या भाषेतून समजावायला पुस्तक लागत नाही. दोन मिनिटं लागतात :

• आधी प्रसंग सांगा, मग शब्द. तमाशा, लग्नातली चेष्टा, गणपतीतलं नाटक, काहीही.
• मुलांना विचारा, 'सगळे असे हसतात तेव्हा तुमच्या घरी काय म्हणतात?' येतील ती उत्तरं फळ्यावर देवनागरीत लिहा. मराठी शब्द त्यांच्या शेजारी, इंग्रजी त्यानंतर.
• वर्गाला एकदा मोकळं हसू द्या. शेजारच्या वर्गातले सर येऊन डोकावतील. येऊ द्या.
• आणि एक नियम ठेवा. चुकीच्या उच्चारावर हसायचं नाही. विनोदावर कितीही हसा.

शिक्षकांची अडचण खोटी नाही. एका वर्गात दोन इयत्ता, अभ्यासक्रमाची घाई, परीक्षेत एका शब्दाला एक अर्थ. गाइडवाला एका ओळीत एकच शब्द छापणार, कारण पानावर जागा तेवढीच. पण त्या एका शब्दावर मूल जिथे अडतं, तिथे दोन मिनिटं थांबणं हेच तर शिकवणं आहे. न थांबल्यानं जे नुकसान होतं, ते मार्कांत मोजता येत नाही. हात वर करणं बंद होतं.

मी त्या मुलीला रात्री उशिरा व्हॉइस मेसेज पाठवला. सारंगखेड्याचा तंबू सांगितला, मावशी सांगितली, ढोलकीवाल्याचा थांबलेला हात सांगितला. मग विचारलं, 'तुमच्या पावरीत याला काय म्हणतात गं?'

दुसऱ्या दिवशी सकाळी तिचाही व्हॉइस मेसेज आला. ती आजीला विचारत होती, आजी सांगत होती, मध्येच कोणीतरी काहीतरी बोललं आणि सगळं घर हसायला लागलं. इतकं, की शब्द नीट ऐकूच आला नाही. शेवटी तिचाच आवाज आला, 'दादा, थांबा, परत पाठवते.'

मी तिला लिहिलं, परत पाठव, तो शब्द मला हवाच आहे. पण परीक्षेपुरता अर्थ तुला कळलाय.